दांडीयात्रा, उलट्या बाजूने

नाशिकहून अहमदाबादला जाणारी माणसं वणी, सापुतारा, वघई, वांसदा करत चिखलीला मोठा महामार्ग गाठतात आणि उजवीकडे वळून सुरतेच्या दिशेने सुसाट सुटतात. आम्ही चिखलीला डावीकडे वळलो. नात्यातलं लग्न होतं, त्याआधी हाताशी मोकळे दिवस होते, मुलांना नाताळची सुट्टी होती, आणि माझ्या नवऱ्याने नकाशा चाळता चाळता शोधून काढलं होतं की अहमदाबाद ते दांडी असा एक वेगळाच राष्ट्रीय महामार्ग आहे. क्रमांक 64. दांडीयात्रा ज्या गावांतून गेली, ती गावं जोडत जाणारा. जायचंच आहे तर त्या रस्त्याने जाऊ, एवढाच विचार. गांधीजी साबरमतीहून दांडीला आले होते, आम्हाला दांडीहून साबरमतीला जायचं होतं. म्हणजे गोष्ट शेवटाकडून वाचत जाण्यासारखं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, पुढच्या सीटवर होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. रस्ता कुठलाही असो, त्यांचं लक्ष साइडपट्ट्यांवर, मोऱ्यांवर आणि मैलाच्या दगडांवर. आमच्या घरात गांधी हा विषय जेवताना काढायचा नाही असा अलिखित नियम आहे. त्याला कारण आहे. वाईजवळच्या खेड्यातलं अण्णांच्या आजोळचं घर अठ्ठेचाळीस सालच्या फेब्रुवारीत जळालं. गांधींना मारणारा पुण्याचा ब्राह्मण होता आणि त्याचा राग गावोगावच्या ब्राह्मणांच्या घरांवर निघाला. अण्णा तेव्हा पाळण्यात होते. त्यांना त्यातलं काही आठवत नाही, पण ऐकलेलं सगळं आठवतं. शिवाय ते टिळकांच्या पंथातले. लोकमान्य 1920 साली गेले नसते तर काय काय झालं असतं, यावर ते तासभर बोलू शकतात आणि बोलतात.

वणीच्या पुढे मुक्ताने मागून विचारलं, “कळवण इथून कुठल्या बाजूला?” ती आठवीत आहे. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे की 1930 साली जिथे समुद्र नव्हता, तिथे लोकांनी जंगल सत्याग्रह केला. बिळाशी, संगमनेर, चिरनेर, पुसद आणि कळवण. मिठाऐवजी गवत आणि लाकूडफाटा. सरकारने राखून ठेवलेल्या रानात शिरायचं आणि कापायचं. मी नाशिकची सून होऊन इतकी वर्षं झाली, कळवण म्हटलं की मला कांदा आठवतो. तिला सत्याग्रह आठवला. सापुताऱ्याच्या घाटात दोन्ही बाजूंना साग उभा होता आणि पोरं, गवत कापलं म्हणून तुरुंगात कसं टाकतात, यावर वाद घालत होती.

चिखलीहून डावीकडे वळल्यावर डुंगरी नावाचं रेल्वे स्टेशन लागतं. तिथून समुद्राच्या बाजूला धारासणा. आता इथे एक स्मारक आहे. माणसं फारशी थांबत नाहीत. पण ज्या दिवशी मिठाच्या सत्याग्रहाची बातमी जगभर गेली, तो दिवस दांडीचा नाही, इथला आहे. 21 मे 1930. गांधीजी तेव्हा आधीच तुरुंगात होते. त्यांच्या जागी आलेले शहात्तर वर्षांचे अब्बास तय्यबजी यांनाही पकडलं होतं. मग सरोजिनी नायडू पुढे झाल्या. त्यांच्याबरोबर इमामसाहेब बावझीर, गांधीजींचे चिरंजीव मणिलाल आणि सुमारे अडीच हजार स्वयंसेवक. सरकारी मिठागराभोवती काटेरी तारा होत्या, पाण्याने भरलेले चर होते आणि लोखंडी टोकाच्या लाठ्या घेतलेले पोलीस होते. स्वयंसेवकांची एक रांग पुढे जायची, डोक्यावर लाठ्या बसायच्या, माणसं पडायची, त्यांना उचलून न्यायचे आणि पुढची रांग चालू लागायची. डोकं वाचवायला कुणी हातसुद्धा वर केला नाही. हे जगाला कळलं ते वेब मिलर नावाच्या अमेरिकन वार्ताहरामुळे. तो डुंगरीहून शेतं तुडवत चालत आला होता. त्याच्या तारा सुरुवातीला अडवल्या गेल्या, तरी बातमी पोहोचली आणि हजाराहून जास्त वृत्तपत्रांत छापून आली. तात्पुरत्या दवाखान्यात त्याने जखमी मोजले. तीनशे वीस. दोघं गेले होते.

“हात वर केला नाही?” ओजसने पुन्हा विचारलं. तो नऊ वर्षांचा आहे आणि शाळेच्या मैदानावर रोज हात वर करतो. त्याला ते पटलं नाही. खरं तर मलाही समजतं असं मी म्हणणार नाही. लाठी येताना दिसली की हात आपोआप डोक्याकडे जातो. तो न नेण्याचा सराव काय असेल?

अण्णा गप्प होते, पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता. “मिठावरचा कर होता तरी केवढा?” ते म्हणाले. मी फोनवर शोधून सांगितलं, त्या वर्षी मणाला सव्वा रुपया. इंजिनिअरचं डोकं लगेच चाललं. सव्वा रुपया म्हणजे वीस आणे. मण म्हणजे चाळीस शेर. शेराला अर्धा आणा. “अर्धा आणा,” ते मिठागराकडे बघत म्हणाले, “एवढ्यासाठी?”

हा प्रश्न त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांनाही पडला होता. खुद्द वल्लभभाई पटेलांचं मत जमीन महसुलाचा प्रश्न हाती घ्यावा असं होतं. जवाहरलाल नेहरूंनाही मिठाचं कोडं पडलं होतं. व्हाइसरॉय आयर्विनने वरिष्ठांना कळवलं होतं की मिठाच्या मोहिमेने आपली झोप उडालेली नाही. आणि मिठाचा विषय काही नवा नव्हता. अण्णांना आवडेल म्हणून मी सांगितलं की व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात या करावर तुटून पडणारे आपले गोपाळ कृष्ण गोखले होते. तेव्हा दर मणाला अडीच रुपये होता. 1902 च्या अर्थसंकल्पावरचं त्यांचं भाषण गाजलं आणि पुढच्या काही वर्षांत कर टप्प्याटप्प्याने कमी झाला. अण्णांना गोखले आवडत नाहीत. टिळकांच्या पंथात तेही बसत नाहीत. “अर्ज करून कमी झाला ना, मग?” ते म्हणाले. मी म्हटलं, कमी झाला, पुन्हा वाढला, पुन्हा कमी झाला. मीठ करायची बंदी मात्र तशीच राहिली.

पुढे कराडी. गांधीजी दांडीला मीठ उचलून परत गेले नाहीत, ते इथे झावळ्यांच्या झोपडीत राहिले आणि इथूनच त्यांना 4 मेच्या मध्यरात्रीनंतर पकडलं. मिठाच्या कायद्याखाली पकडलं असतं तर खटला चालवावा लागला असता. म्हणून सरकारने 1827 सालचा मुंबई इलाख्याचा एक रेग्युलेशन शोधून काढला. त्याखाली खटल्याशिवाय वाटेल तितके दिवस डांबता येत असे. एल्फिन्स्टनच्या काळातला, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती तेव्हाचा. रेल्वेने नेताना मुंबई स्टेशनवर गर्दी होईल म्हणून बोरिवलीजवळच उतरवलं आणि तिथून मोटारीने पुण्याला, येरवड्यात. अण्णांना ही हुशारी कौतुकाची वाटली. सरकारी नोकरीत ज्याने चाळीस वर्षं काढली, त्याला जुना नियम शोधून काम साधण्यातली कला कळते. “फाइल कुणीतरी चांगली वाचलेली होती,” ते म्हणाले.

दांडीचा समुद्र बघायला जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा, नाहीतर तुम्हालाही आमच्यासारखा चिखलच दिसेल. किनारा सपाट, करडा, पाणी लांब कुठेतरी चमकणारं. ओजसची निराशा झाली. “हा कसला बीच?” पण मीठ धरतं ते अशाच जागी. भरतीचं पाणी सपाटीवर पसरतं, मागे राहतं, उन्हात आटतं आणि जमिनीवर पांढरी पापुद्री राहते. कुणी तयार केलेली नसते. 1930 च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी आधीच येऊन ती पापुद्री चिखलात तुडवून टाकली होती, म्हणजे गांधीजींना उचलायला काही राहू नये. 6 एप्रिलला सकाळी ते समुद्रात अंघोळ करून आले आणि त्यांना जे मिळालं, ते मिठापेक्षा चिखलच जास्त होतं. एवढ्याने कायदा मोडला.

आदल्या रात्री ते ज्या बंगल्यात राहिले, ती सैफी व्हिला अजून आहे. दाऊदी बोहऱ्यांचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांचा तो बंगला. समोर राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक, 30 जानेवारी 2019 ला खुलं झालेलं, मुंबईच्या आयआयटीने उभं केलेलं. यात्रेकरूंचे माणसाएवढे पुतळे ओळीने चालताना दाखवलेत. स्मारकं बहुतेक वेळा मला दगडी वाटतात, इथे मात्र मी रेंगाळले, कारण पुतळ्यांचे चेहरे वेगवेगळे आहेत आणि चालताना माणसं जशी पांगतात तशी ती पांगलेली आहेत. मुक्ता त्यांच्या रांगेत घुसून सर्वांत लहान कोण ते शोधत होती. सोळा वर्षांचा एक मुलगा होता. सर्वांत मोठे गांधीजी, एकसष्टावं चालू. अण्णांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला की एकसष्टाव्या वर्षी ते स्वतः निवृत्त होऊन गुडघ्याला पट्टा लावत होते.

इथे खारं पाणी आटवून चिमूटभर मीठ करून बघायची सोय आहे. ओजसने केलं. “कर भरलास का?” नवऱ्याने विचारलं. अण्णांनी लगेच माहिती दिली की मिठावर जीएसटी नाही. त्यांना हे माहीत होतं आणि मला नव्हतं.

खरा प्रवास इथून पुढचा. सकाळी दांडी सोडली आणि नवसारीला आलो. जमशेटजी टाटांचं हे जन्मगाव. आमच्या स्वयंपाकघरातली मिठाची पिशवी त्यांच्या घराण्याच्या नावाची, हे मुलांना सांगायचा मोह आवरला नाही. सुरतेला पोंक खाल्ला. थंडीतला हा ज्वारीचा हुरडा तिथे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर देतात. आपला हुरडा शेतात, शेकोटीजवळ, शेंगदाण्याच्या चटणीशी खायचा असतो हे माझं मत सुरतकरांना पटणार नाही. सुरतेबद्दल एवढंच.

तापी ओलांडली की गावांची नावं लहान होत जातात. देलाड, सांधियेर, भटगाम. ओलपाड तालुक्यातलं भटगाम हे या सगळ्या रस्त्यावरचं माझं सर्वांत आवडतं ठिकाण आहे, आणि तिथे बघण्यासारखं फार काही नाही. 29 मार्चच्या रात्री गांधीजी इथे आपल्याच माणसांवर चिडले. रात्रीच्या चालीसाठी किटसनचे दिवे आणले होते, ते एका मजुराच्या डोक्यावर होते आणि त्याला मागून कुणीतरी भरभर चालायला दटावत होतं. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणि भाजी मागवली जात होती. हे त्यांनी सभेत सगळ्या गावासमोर काढलं. व्हाइसरॉयच्या पगारावर मी टीका करतो आणि माझी माणसं अशी वागतात, तर मला तो अधिकार राहतो का, असा त्यांचा सवाल होता. सत्याग्रहाची लढाई जोरात चालू असताना, इंग्रजांचे हेर आणि वार्ताहर समोर बसलेले असताना, आपलीच उणी बाजू उघडी करणारा नेता. पत्रकार परिषदेत आजचा कुठला पुढारी असं करेल, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि तो मी मनातच ठेवला. गाडीत निवडणुकीचा विषयही बंद असतो.

अण्णांना इथे काहीतरी झालं. दिव्याच्या गोष्टीने नाही. भटगामच्या चौकात चहा घेताना मुक्ताने फोनवर यात्रेचं वेळापत्रक काढलं होतं. 12 मार्चला असलाली, मग बारेजा, नवागाम, वासणा, मातर, डभाण, नडियाद... गाव, तारीख, मैल. अण्णांनी चष्मा लावला आणि तो फोन स्वतःकडे घेतला. 241 मैल, 24 दिवस, दर सोमवारी मुक्काम. एका दिवसाची चाल साधारण दहा ते बारा मैल, सकाळी आणि संध्याकाळी विभागलेली, दुपारच्या उन्हात थांबा. मार्च-एप्रिलचं गुजरातचं ऊन. “ही आखणी कुणी केली?” त्यांनी विचारलं.

कुणा एकाने नाही. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी आधी पुढे जायची. अरुण टुकडी तिचं नाव. प्रत्येक गावात यात्रा यायच्या आधी माहिती गोळा करायची. लोकसंख्या किती, बायका किती, पुरुष किती, हिंदू, मुसलमान, पारशी किती, अस्पृश्य किती, गावात चरखे किती, गुरं किती, शाळा आहे का, शेतसारा किती, आणि गाव वर्षाला मीठ किती खातं. ही यादी गांधीजींनी आधीच छापून कळवली होती. जेवण साधं हवं, गोडधोड नको, झोपायला फक्त स्वच्छ जागा हवी, हेही कळवलं होतं. सभेत उभे राहिले की त्यांच्या हातात त्या गावाचे आकडे असत आणि ते त्याच गावाबद्दल बोलत.

“हा सर्व्हे आहे,” अण्णा म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. भरूच जवळ आल्यावर पुन्हा म्हणाले, “रस्ता करायच्या आधी आम्ही हेच करायचो. आम्हाला मात्र गुरं मोजायला सांगत नसत.”

भरूचला ते एका वेगळ्याच कारणासाठी थांबले. नर्मदेवरचा जुना लोखंडी पूल, गोल्डन ब्रिज. 1881 साली वाहतुकीला खुला झाला. इंग्रजांचं काम म्हटलं की अण्णांचा स्वर बदलतो. त्यांनी मुलांना खांब, कमानी, पुराची पातळी असं सगळं समजावून दिलं आणि मी नर्मदेकडे बघत बसले. एका दिवसात इंग्रजांच्या पुलाचं आणि गांधींच्या वेळापत्रकाचं एकाच आवाजात कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, पण ते तोंडावर सांगायची सोय नव्हती.

जंबुसरच्या पुढे गजेरा लागतं. 21 मार्चला इथली सभा उशिरा सुरू झाली. अस्पृश्यांना बाजूला वेगळं बसवलं होतं. एकतर त्यांना तुमच्यात बसू द्या, नाहीतर मला आणि माझ्या माणसांना तिकडे जाऊन बसू द्या, असं गांधीजींनी सांगितलं. लोक कसेबसे सरकले. हे मी वाचून दाखवलं तेव्हा मागून कुणी काही बोललं नाही. मुक्ता खिडकीबाहेर बघत होती. नंतर कळलं, ती झोपली नव्हती, काहीतरी आठवत होती.

महीच्या काठावर कंकापुऱ्याला पोहोचायला आम्हाला बराच वळसा पडला, कारण आम्ही मोठ्या महामार्गाच्या पुलावरून गेलो. यात्रेकरूंना पूल नव्हता. 19 मार्चच्या रात्री भरतीच्या वेळेला धरून नाव हाकायची होती आणि काठाजवळ नाव लागत नव्हती, म्हणून चिखलातून चालणं आलं. गांधीजींना उचलून न्यायला माणसं तयार होती, त्यांनी नकार दिला. गुडघाभर चिखल, अंधार, दोन्ही काठांवर दिवे घेऊन उभे असलेले लोक. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, नदी रुंद आणि संथ होती, आणि एक म्हातारा मासेमार आमच्याकडे बघत होता की ही माणसं गाडी थांबवून इथे नक्की काय बघतायत.

रास हे त्याच काठाचं गाव. इथे 7 मार्चला, यात्रा सुरू व्हायच्या आधीच, वल्लभभाईंना पकडलं होतं. पुढे गावाने शेतसारा भरायला नकार दिला आणि कित्येकांच्या जमिनी जप्त झाल्या. यात्रेच्या वाटेवरच्या अनेक गावांत पाटलांनी राजीनामे दिले, सरकारी कागद परत केले. अण्णांचा पहिला प्रश्न, “मग त्यांच्या वतनाचं काय झालं?” नवरा हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. राजीनामा देणाऱ्या माणसाच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. मला मीठ उचलणाऱ्या हातापेक्षा ते घर जास्त दिसायला लागलं होतं. गांधीजींना मीठ उचलायला एक क्षण लागला. त्याच्या मागे या गावांची रांग होती, आणि आम्ही उलटे आलो नसतो तर ती मला केवळ वाटेतली ठिकाणं वाटली असती.

आणंद, नडियाद ही आता मोठी शहरं. आणंदला सोमवारी, 17 मार्चला, यात्रेचा मुक्काम होता, गांधीजींचं मौन होतं. आम्हाला तिथे जेवायला उशीर झाला. असलाली तर आता अहमदाबादची गोदामंच गोदामं. पहिल्या रात्रीचं मुक्कामाचं गाव ट्रकांच्या रांगेमागे लपलेलं.

साबरमती आश्रमात पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती. मुलं दमली होती. यात्रेकरूंची यादी बघताना अण्णा एकेका नावाशी थांबत होते. निघताना अठ्ठ्याहत्तर जण होते, त्यात महाराष्ट्रातले तेरा. त्यात पंडित नारायण मोरेश्वर खरे. तासगावचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, आश्रमभजनावली तयार करणारे. निघायच्या थोडे दिवस आधी आश्रमात देवीची साथ आली होती आणि त्यांचा लहान मुलगा तिच्यात गेला होता. तरी ते चालायला निघाले आणि वाटभर प्रार्थना त्यांनीच सांगितल्या. अण्णांचं बरंचसं शास्त्रीय संगीत पलुसकरांच्या परंपरेतलं ऐकलेलं. त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं.

मग ते पत्र. 2 मार्च 1930 ला गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिलेलं, रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाच्या हाती पाठवलेलं. मीठ कायदा मोडणार आहे, हे आधी कळवणारं पत्र. त्यात व्हाइसरॉयच्या पगाराचा हिशेब आहे. महिना एकवीस हजार रुपये. मी वाचता वाचता अण्णा बोटांवर आले होते. “म्हणजे रोजचे सातशे. सातशे गुणिले सोळा, अकरा हजार दोनशे आणे.” ओजसला सोळा आण्यांचा रुपया माहीत नव्हता, तो समजावून सांगावा लागला. पत्रात पुढे आहे की हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. “दोनाने भागा,” अण्णा म्हणाले. “पाच हजार सहाशे पट,” मुक्ता म्हणाली. पत्रातही पाच हजार पटीहून जास्त असंच आहे. धारासण्याचा शेरामागे अर्धा आणा अण्णांना आता परत आठवला. दोन आणे मिळवणाऱ्याला एका शेराच्या मिठापायी दिवसाच्या कमाईचा चौथा हिस्सा. “बरोबर आहे,” ते म्हणाले. हिशेबाला म्हणाले, गांधींना नाही, असं मी धरून चालते.

मुक्ताने मात्र वेगळंच धरलं होतं. “आजोबा, 2 मार्च 1930,” ती म्हणाली. “त्याच दिवशी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या नाशिकला.”

बरोबर होतं. गांधीजी साबरमतीला व्हाइसरॉयला पत्र लिहीत होते, त्याच दिवशी पंचवटीत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य माणसं प्रवेशासाठी काळारामाच्या दरवाजासमोर उभी होती. दादासाहेब गायकवाड होते. दरवाजे बंद केलेले होते. त्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं चालला. मंदिर उघडलं नाही. मीठ उचलायला बंदी असलेला देश त्या उन्हाळ्यात जागा होत होता आणि त्याच उन्हाळ्यात त्या देशाच्या एका देवळाचं दार आतून बंद होतं. दोन्ही गोष्टी मी शाळेत शिकले होते, दोन वेगळ्या धड्यांत. एका तारखेला आहेत हे तेरा वर्षांच्या मुलीने दाखवलं.

अण्णांचं बालपण पंचवटीतलं. त्यांचे वडील 1930 साली अठरा वर्षांचे होते, मंदिराच्या मागच्या गल्लीत राहत होते. अण्णांनी ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नव्हती. आवारातल्या बाकावर बसून त्यांनी सांगितली, कुणी फारसं विचारल्याशिवाय. वडील म्हणायचे, बाहेर गर्दी असायची, घोषणा असायच्या, आणि आमच्या घरची माणसं लहान दाराने आत जाऊन दर्शन करून यायची.

“म्हणजे पणजोबा आतल्या बाजूला होते?” ओजसने विचारलं.

“आत होते,” अण्णा म्हणाले. “हे दार त्यांनी लावलं नव्हतं, पण ते त्याच दाराने जात होते.”

“मग ते बरोबर होते की चूक?”

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. “तू गजेऱ्याच्या सभेत असतास, तर सरकला असतास का?” ते म्हणाले. ओजसने, अर्थातच, लगेच हो म्हटलं. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, “घरी गेल्यावर ते दार तुला दाखवतो.” मग त्यांनी मुक्ताला विचारलं की पुस्तकात काळाराम कुठल्या धड्यात आहे आणि दांडी कुठल्या, आणि ती दोन धड्यांची नावं सांगू लागली.